एक सूत फट

भागोजी मेस्त्रींना तुम्ही कधी भाट्याच्या खाडीवर पाहिलं असेल, तर वाकलेलंच पाहिलं असेल. सत्तरी ओलांडली तरी हा माणूस उभं राहून कुणाशी बोलायचा नाही. कुणी नमस्कार केला तर मान वर न करता 'हां' म्हणायचा, आणि त्या एका 'हां'मध्ये 'काम असेल तर बोल, नाहीतर चालू लाग' एवढं सगळं बसवायचा. आयुष्यभर त्यांनी होड्या बांधल्या. शेवटची लाकडी होडी पाण्यात उतरवून तेरा वर्षं झाली. मग फायबरच्या होड्या आल्या आणि मेस्त्रींच्या हाताला राहिलं काय, तर देवाचे पाट आणि मोडक्या खुर्च्यांचे पाय.

तिथून त्यांना उठवून कातळावर नेणारा मी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात किती, हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही.

मी ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत घरच्यांना नकोसा झालो. तेवढ्यात पालीच्या वाटेवर, उघड्या कातळावर, सायकलच्या शर्यतींसाठी छपराखालचा ट्रॅक मंजूर झाला आणि ठेकेदाराने मला देखरेखीला घेतलं. मंजुरीची बातमी ऐकून गावात सगळे हसले. इथे साध्या रस्त्याचं डांबर गणपतीपर्यंत टिकत नाही आणि हे म्हणे लाकडाचा रस्ता करणार! मीही हसलो. मग नकाशे उलगडले आणि माझं हसू थांबलं. अडीचशे मीटरचं लाकडी लंबवर्तुळ, आणि दोन्ही टोकांची वळणं अशी उभी की चपला घालून चढायला गेलेला माणूस घसरत खाली यावा. भरधाव आलेली सायकल मात्र त्या उभ्या अंगावरून पडत नाही, फिरून जाते. उभा जन्म मोऱ्या आणि गटारं बांधण्यात गेलेल्या माणसाला असलं काही बांधायला मिळणं म्हणजे आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, त्यातलंच.

सरळ भाग ठेकेदाराच्या सुतारांनी बसवला. वळणावर घोडं अडलं. पाइनच्या अरुंद पट्ट्या तिथे नुसत्या वाकवायच्या नव्हत्या, वाकवता वाकवता पिळायच्याही होत्या. ते सुतार बिचारे किचन ट्रॉल्या करणारे. पट्ट्या मोडून मोडून रडकुंडीला आले. तेव्हा मी खाडीवर मेस्त्रींकडे गेलो.

"कसली होडी?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"होडी नाही मेस्त्री, सायकलचा रस्ता आहे. पण वळण अगदी होडीच्या पोटासारखं."

त्यांनी मान वर केली. मी ती पहिल्यांदाच वर झालेली पाहत होतो.

"सायकलचा? आमच्या सानिकाला जो पायजे म्हंतात, तो?"

सानिका त्यांची नात. मुलगा-सून मुंबईला, ही लहानपणापासून आजोबांकडे. रोज कॉलेजच्या आधी सायकलवर पालीपर्यंत जाऊन यायची. शाळेतल्या खेळाच्या सरांनी तिच्या पायातली ताकद ओळखली होती. ते म्हणायचे, पोरगी राज्याच्या संघात जाईल, पण तिला असल्या उभ्या वळणावर सराव हवा; रस्त्यावरची सायकल वेगळी आणि ही वेगळी. एकोणीस वर्षांखालच्यांची निवड चाचणी श्रावणात व्हायची होती. आणि ती आमच्याच नव्या ट्रॅकवर घ्यायचं ठरत होतं. निवड झाली असती तर वसतिगृह, शिक्षक, सायकल सगळं सरकारी. पुढच्या वर्षी ती एकोणीस पूर्ण करणार होती. म्हणजे हीच एक संधी.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन हजर. येताना नारळ आणलेला. होडीची पहिली फळी बसवताना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, नारळ वाढवायची त्यांची रीत. ते ट्रॅकला सबंध फेरी मारून आले आणि वैतागून म्हणाले, "भाऊ, ह्याचा पुढा कंचा? ह्याला नाळच नाय!" गोल रस्त्याला पुढा कुठून असणार? शेवटी उत्तरेकडच्या वळणाच्या पायाशी नारळ वाढवला, आणि त्या ठेकेदाराच्या सुतारांनाही खोबरं मिळालं.

मग मेस्त्रींनी जे काम केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पट्टी ते असे वळवायचे की ती मुकाट्याने जागेवर जाऊन बसे. त्यांच्या खिशात एक जुनं पोस्टकार्ड असायचं. जयगडच्या कुणा नाखव्याने होडी सांगायला पाठवलेलं, शाई उडालेली. प्रत्येक सांध्यात ते त्या पोस्टकार्डाचा कोपरा घालून बघायचे. कोपरा आत गेला की पट्टी उचकटायची आणि पुन्हा रंधा. सबंध आयुष्यात त्यांच्या कामाची परीक्षा घेणारा तेवढा एकच परीक्षक.

नकाशावर सगळं इंग्रजीत. ते वाचून मराठीत सांगणं माझं काम. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, दर दहा पट्ट्यांमागे एक सूत फट सोडावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून जरा जास्त.

"कशाला?" मेस्त्रींनी विचारलं.

"लाकूड फुगतं म्हणून."

"फुगतंच ता. फुगतं नि सांधा आवळतो, म्हनून तर होडी गळत नाय. भाऊ, माज्या सांध्यात ह्या कार्डाचा कोपरा जात नाय, नि तुमी फट सोडायला सांगताव? लोक म्हंतील भागोजीचा हात गेला. नि पोरीचं चाक त्यात अडाकलं तर?"

मला उत्तर देता आलं असतं. होडी फुगली तर तिला बाहेर समुद्र मोकळा असतो. इथे खाली सिमेंटची कड आणि वर लोखंडी कठडा, लाकूड फुगून जाणार कुठे? हे मला कळत होतं. पण मी बोललो नाही. मला त्या सांध्यांची भूल पडली होती. बोट फिरवलं तर कळू नये एक पट्टी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली. असल्या कामात फट पाडायला सांगणं माझ्या जिवावर आलं. शिवाय हवा कोरडी ठेवणारी यंत्रं बसणारच होती, मग फुगेल कशाला, अशी मी माझी समजूत घातली. नकाशा गुंडाळला आणि म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

मे महिन्यात सानिका वळण बघायला आली. खाली उभी राहून तिने वर पाहिलं, हात लावला, आणि एकदम लहान मुलीसारखी म्हणाली, "आजोबा, ह्याच्यावर मी पडणार नाही ना?"

"पडलीस तर माजं नाव बदल," मेस्त्री म्हणाले.

तिला तेव्हाच चालवू द्यायला हवं होतं. सायकल बाहेर उभी होती. पण तपासणीचा दाखला मिळेपर्यंत ट्रॅकवर चाक लावायचं नाही असा नियम, आणि तो पाळणारा मी. एक नियम मोडू दिला, दुसरा पाळला, आणि दोन्ही वेळा माझंच चुकलं. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

यंत्रं 'पुढच्या टप्प्यात' गेली. आमच्याकडे पुढचा टप्पा म्हणजे पुढचा जन्म. आषाढ लागला. घरात पापड मऊ पडले, कपाटातल्या कोटावर बुरशी आली. मी रोज ट्रॅकवर जाऊन हात फिरवायचो, आणि एका सकाळी दार उघडलं तर उत्तरेकडच्या वळणाच्या मधोमध पट्ट्या उचलून शेताच्या बांधासारखा वीतभर उंच वरंबा उठलेला. खिळे लाकडातून उपसून बाहेर आले होते. जिथे मेस्त्रींचा हात लागला नव्हता तो, फटी सोडलेला सरळ भाग जागच्या जागी होता.

मेस्त्रींना बोलावलं. ते त्या वरंब्याशी वाकले, खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि सांध्याला लावून बघितलं. कोपरा गेला नाही.

"सांधा घट्टच हाय," ते म्हणाले. मग तिथेच खाली बसले. त्यांना उठवायला दोन माणसं लागली.

चाचणी दुसऱ्या जिल्ह्यात, तिथल्या ट्रॅकवर गेली. सानिकाही गेली, खेळाचे सर आणि मेस्त्री तिच्याबरोबर. उभ्या वळणावर ती जन्मात पहिल्यांदा चढत होती. सर वेग वाढव म्हणून ओरडत होते. त्या उभ्या भिंतीला बघून तिने वेग कमी केला. तिथे वेग कमी केला की सायकल धरत नाही. ती वरून खालपर्यंत घसरत आली. खांद्याचं हाड मोडलं. मेस्त्री कठड्याला धरून हे सगळं बघत होते. परत येताना गाडीत त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही, असं सरांनी मला सांगितलं.

मग चौकशी. माझ्यासमोर कागद आला, आधीच टाइप केलेला. 'स्थानिक कारागिराने नकाशातील सूचना डावलल्यामुळे...' त्यात यंत्रांचा उल्लेख नाही, सूचना वाचून गप्प बसलेल्या माणसाचाही नाही. मी सही केली. म्हातारपणी चौकशीचं लचांड मागे नको, एवढाच विचार केला. भेकड माणूस दुसरा कसला विचार करणार?

तरी मनाला खात होतं म्हणून मेस्त्रींना जाऊन सांगितलं. वाटलं, शिव्या घालतील, बरं वाटेल. ते पाटाला पॉलिश करत होते. म्हणाले, "बरोबर लिवलाय. फट मीच सोडली नाय." माझ्या वाटणीचं तेवढंही त्यांनी मला दिलं नाही.

सानिकाचं हाड जुळलं. दिवाळीनंतर ती लोट्याला एका कंपनीत लागली. चार मुलींत खोली, पाळीची नोकरी, कंपनीची बस. पंधरवड्याने घरी येते. सायकल पडवीत खुंटीला टांगलेली आहे. सुरुवातीला येई तेव्हा ती चाक फिरवून बघायची. पुढे ते सोडलं.

परवा, एप्रिलच्या मध्यावर, मेस्त्री माझ्या दारात उभे. चक्क ताठ उभे. "चावी तुमच्याकडंच हाय ना? एकदा बगायचंय."

आषाढापासून बंद पडलेल्या ट्रॅकच्या छपराखाली मंडपवाल्याच्या खुर्च्यांच्या थप्प्या लावून ठेवलेल्या. पत्रे तापून आत भट्टी झालेली. थप्प्यांमधून वाट काढत आम्ही उत्तरेच्या वळणापाशी गेलो आणि मी बघतच राहिलो. वरंबा खाली बसला होता. आषाढात एकमेकांना चेपून बसलेलं लाकूड उन्हाने आकसलं होतं आणि पट्ट्यांमध्ये फटी पडल्या होत्या. मेस्त्रींनी पोस्टकार्ड घातलं. ते सरळ आत गेलं, तिकिटापर्यंत. मी मोजपट्टी लावून बघितलं. कुठे पाऊण सूत, कुठे एक.

"मेस्त्री, अहो जागेवर आलंय!" मी ओरडलो. "आता फट आहे, यंदा कदाचित उठणारही नाही. खिळे ठोकून घेऊ, खुर्च्या हलवू. सानिका येत्या रविवारी घरी असेल ना?"

ते पट्ट्यांवर हात फिरवत राहिले.

"परीक्षा एकोनीसच्या आतल्यांची व्हती," ते म्हणाले.

मी मोजपट्टी खिशात ठेवली.

"भाऊ, तिला ह्यातलं काय सांगू नका."

"का हो? एकदा चालवू दे की तिला. तुमच्या हातचं वळण आहे."

"सांगितलंत तर ती येल," मेस्त्री म्हणाले. "नि सोमवारी पुन्ना लोट्याला जायला लागंल."

पोस्टकार्ड त्यांनी त्या फटीतून काढलं नाही. आम्ही बाहेर आलो आणि मी कुलूप लावलं.