चार भिंतींचा संगणकवर्ग

दहा संगणक ज्या एका वायरीवर चालले होते, तिलाच मंगेशने चहाची विजेची किटली जोडली. फट्ट आवाज झाला, जळका वास सुटला आणि डिचोलीच्या प्रशिक्षण केंद्रात जमलेल्या चाळीस प्राथमिक शिक्षकांसमोर 'उद्याची शाळा' नावाचा संगणकवर्ग काळाठिक्कर पडला.

वायरमन साडेतीनशिवाय येत नव्हता. चारला पणजीहून शिक्षण खात्याचे साहेब येणार, आणि त्यांच्यादेखत प्रत्येक शिक्षकाने पडद्यावर आपलं नाव उमटवायचं होतं. नाही उमटलं, तर पेडणे-डिचोलीचं हे प्रशिक्षण बंद, आणि प्रशिक्षक मंगेशची तीन महिन्यांची कोवळी नोकरीही.

तेव्हा मागच्या बाकावरून चंद्रावतीबाई उठल्या. निवृत्तीला दोनच वर्षं उरलेली, यांना आता काय शिकवायचं, म्हणून सकाळी मंगेशनेच त्यांना मागे बसवलं होतं. मये गावापलीकडच्या एका वाड्यावर बाईंची एकशिक्षकी शाळा. खोली एक, इयत्ता चार. प्रत्येक इयत्तेला एकेक भिंत वाटून दिलेली. पोरं आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि बाई मधोमध, विजेवाचून चालणाऱ्या टेबलफॅनसारख्या, एकतीस वर्षं फिरताहेत.

केंद्राच्या भिंतींकडे बोट दाखवत त्या मंगेशला म्हणाल्या, "पुता, भिंती चार असत मरे? मगे पुरे."

बाईंनी पहिल्या भिंतीवर मंगेशकडून खडूने भलामोठा कळफलक काढून घेतला. दुसरीपाशी बाकांवर करवंट्या पालथ्या घातल्या, ते माऊस. तिसरीपाशी कागदी कळफलकावर आधी उघड्या, मग मिटल्या डोळ्यांनी आपलं नाव. चौथीपाशी, ज्याला आलं त्याने न आलेल्याला शिकवायचं. बाईंनी चुटकी वाजवली की दहा-दहांचे घोळके भिंत बदलत. पेडण्याचे एक जाडजूड गुरुजी जीभ बाहेर काढून करवंटी सरकवत होते. चाळीस जण एकाच वेळी शिकत होते, शिकवत होते, आणि गलका मात्र शून्य. मंगेशच्या हातातला खडू हातातच राहिला. दोन वर्षांच्या पदविकेत हे त्याला कुणी दाखवलंच नव्हतं.

वीज आली. साहेब आले. पाळीपाळीने चाळीस नावं पडद्यावर उमटली, एकही अडखळलं नाही. साहेबांनी दोन्ही तालुक्यांचं प्रशिक्षण पुढे चालू ठेवायला सांगितलं.

बाई बससाठी निघाल्या तेव्हा मंगेश पिशवी घेऊन मागोमाग गेला. त्याने वही उघडली आणि अगदी शिष्यासारखं विचारलं, "बाई, उद्याच्या शाळेतल्या शिक्षकाला सगळ्यांत आधी काय यायला हवं?"

"चुलीवर च्या करूंक."