सतरा नंबरचा अंगठा

आमच्या आत्याचा उजवा अंगठा डाव्यापेक्षा रुंद आहे. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. लहानपणी त्याच अंगठ्याने माझा कान पिळला जायचा, त्यामुळे त्याचं माप मला पाठ आहे.

तो अंगठा रुंद झाला तो नोकरीत. घरातल्या लाइटच्या डब्यात एक खटका असतो ना, करंट जास्त झाला की आपोआप खाली पडणारा, तो ब्रेकर बनवायच्या कारखान्यात आत्या चौतीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. अंगठ्याने खटका वर करायचा, मशीनने त्यातून जादा करंट सोडायचा. पडला तर पास, नाही पडला तर लाल डब्यात. पास झालेल्याच्या कुशीवर तिचा शिक्का बसायचा, नंबर सतरा. दिवसाला अकराशे खटके. जन्मात एकूण किती झाले याचा हिशेब मी एकदा मांडायला बसलो होतो, मध्येच झोप लागली.

तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "आलेली स्थळं तपासली. सगळी लाल डब्यात गेली."

मी नोकरीसाठी सहा महिने म्हणून तिच्याकडे आलो, त्याला आता नऊ वर्षं झाली. तिच्या तावडीत राहायचं म्हणजे रोज तपासणी. भाजी आणली की तपासणी, मित्र आणला की तपासणी. माझ्या सर्व मित्रांपैकी आजवर एकच पास झालाय, तोही परगावी बदली होऊन गेल्यावर. तेवढं मी सहन करतो. सहन होत नाही ती तिची पहिली तारीख.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला संध्याकाळी सातच्या सुमारास आत्या स्टुलावर चढते, हॉलचा ब्रेकर खाली पाडते, दोनपर्यंत मोजते आणि परत वर करते. डब्यात चार ब्रेकर आहेत. स्वयंपाकघर, बेडरूम, बाथरूम यांच्या वाटेला ती जात नाही. फक्त हॉल, कारण हॉलमध्ये मी असतो आणि टीव्हीवर मॅच असते. "अगं आत्या!" म्हणून मी ओरडायचं आणि "दोन सेकंदांत कुठे आभाळ कोसळतंय?" असं तिने म्हणायचं, हे आमचं ठरलेलं. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतंच, आपण समजून घ्यावं, असं म्हणून मी समजून घेत नव्हतो.

तर गेल्या महिन्यातला रविवार. सकाळी दहाला आत्याने हॉलच्या पंख्याचं बटण दाबलं, पंखा ढिम्म. डबा उघडला तर हॉलचा ब्रेकर पडलेला. घरातला पुरुष या नात्याने मी स्टुलावर चढलो आणि खटका वर केला. टक् करून पडला. परत केला, परत पडला. असं पाच वेळा.

"अरे ठोंब्या," आत्या खालून म्हणाली. घरात माझं नाव तेच आहे. "पडलेला ब्रेकर असा लागत नाही. आधी पूर्ण खाली दाब, मग वर कर."

मी पूर्ण खाली दाबला, मग वर केला. टक्.

"बास. आता परत हात लावू नकोस. तो नाही म्हणतोय. समोरचा नाही म्हणाला की थांबावं, एवढं तरी तुझ्या आईने शिकवलं असेल."

मग तिने मला खोलीभर रांगायला लावलं. टीव्हीची पिन काढ, टेबल लॅम्पची काढ, तुझ्या त्या चार्जरांची पिलावळ काढ. भिंतीवरची सगळी बटणं बंद केली. हॉलमधलं विजेवर चालणारं काहीही जोडलेलं राहिलं नाही. आता स्वतः चढून तिने खटका वर केला. टक्.

"कालपासून या खोलीत काय बदललं?" तिने विचारलं.

"काही नाही."

"नीट आठव."

"अगं काहीच नाही."

ती स्टुलावरून उतरली. "मग दोनच गोष्टी राहतात. एक तर भिंतीतली वायर बिघडलीये, नाहीतर..."

"नाहीतर ब्रेकर गेला," मी वाक्य पुरं केलं. "जाणारच. तुमच्या कारखान्यातला असला तरी बत्तीस वर्षांचा झाला, माझ्याएवढा. नवीन आणू, त्यात काय एवढं?"

"तो खराब निघाला तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"कुणाला दाखवायचंय? कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली. आता काय तुझी पेन्शन काढून घेणारेत?"

यावर मला एक सणसणीत उत्तर मिळायला हवं होतं. त्याऐवजी ती खुर्चीत बसून स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. खरं सांगतो, मी घाबरलो.

मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याला सगळे 'लगेच' म्हणतात, कारण फोनवर तो तेवढंच बोलतो. लगेच एक वाजता आला. डब्याचं झाकण काढून त्याने टॉर्च मारला आणि हॉलचा ब्रेकर बाहेर ओढून पाहिला.

"मावशी, कुठून घेतलावता हा? कुशीवरचा शिक्का ब्लेडने खरवडलाय. चोरीचा नाहीतर नकली. फेकून द्या."

मी कानांवर हात ठेवायच्या तयारीत होतो. आत्याच्या देखत तिच्या कारखान्याच्या मालाला नकली म्हणणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात. पण आत्या भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

लगेचला चेव आला. "मी काय करतो, हा सोळा अँपियरचा काढतो आणि त्या जागी बत्तीस अँपियरचा टाकतो. हत्ती नाचला तरी पडणार नाही."

आत्या जागी झाली. "पडणार नाही? आणि आत वायर जळायला लागली की तू येणार का फुंकर मारायला? ब्रेकरचं कामच पडायचं आहे. न पडणारा पाहिजे असेल तर भिंतीला खुंटी ठोक की!"

"मावशी, मी वीस वर्षं..."

"मी चौतीस. मेन बंद कर."

त्याने मेन बंद केला. तिने ब्रेकर परत जागेवर बसवून घेतला आणि खटका वर करायला लावला. राहिला.

"बघ. आतली यंत्रणा धरतेय."

"बंद लाइनीत कुणीही उभं राहतं, मावशी," लगेच म्हणाला. मला तो त्या क्षणी आवडला.

"बरोबर," आत्या म्हणाली. तिलाही आवडला असावा. "म्हणून आता ब्रेकरमधून हॉलकडे जाणारी वायर सोडव. टोकाला टेप लाव. मग मेन चालू कर. वायर नसतानाही पडला, तर दोष ब्रेकरचा. राहिला, तर वायरचा. यात तिसरं काही नाही."

लगेचने वायर सोडवली, टेप लावली, मेन चालू केला. खटका वर करायला हात पुढे केला, तर आत्याने त्याला बाजूला सारलं आणि स्वतः स्टुलावर चढली. मी स्टूल धरलं. तिचा अंगठा खटक्याखाली गेला आणि तिथेच थांबला. लाखो खटके वर करून झालेला अंगठा एका खटक्याला भीत होता.

तिने खटका वर केला. राहिला.

ती मोजायला लागली. दोनपर्यंत नाही, शंभरपर्यंत. लगेचने तेवढ्यात दोनदा घड्याळ बघितलं. शंभर झाले तरी खटका वरच.

"वायर," आत्या म्हणाली. "दोष वायरचा आहे."

"अभिनंदन," मी म्हटलं.

"थांब. अजून पास नाही म्हणायचं. वायरीत खराच दोष सापडला पाहिजे, तर हा पडला ते बरोबर पडला."

लगेचने मेन बंद केला, पिशवीतून वायर तपासायचा मीटर काढला आणि एकेक जोड सोडवत निघाला. दारापासचा बोर्ड ठीक. टीव्हीमागचा बोर्ड ठीक. त्या बोर्डाला वरून, छताकडून येणाऱ्या वायरीत मीटर ओरडला. लगेच भिंतीवर बोट टेकवून वर वर जात राहिला आणि एका आरशासमोर येऊन थांबला. आरशात मला माझाच चेहरा दिसला. फारसा बघण्यासारखा नव्हता.

"हा कधी लावला?"

आरसा मी शनिवारी लावला होता. रविवारी सकाळी जरा वाकडा दिसला, म्हणून स्क्रूला आणखी दोन पीळ दिले आणि दूध आणायला गेलो. उजेड होता, हॉलमध्ये काही चालू नव्हतं, कोण बघतंय खटका पडलेला?

लगेचने आरसा उतरवला आणि स्क्रू काढला. टोक काळं पडलं होतं. दोन्ही वायरींच्या बरोबर मधून गेला होता.

"काही बदललं नाही म्हणाला होतास," आत्या म्हणाली.

"अगं, आरसा काय विजेवर चालतो?"

लगेच इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. आत्याही हसायला लागली आणि हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. एकदा, दोनदा, मग पुसायचं सोडूनच दिलं.

लगेच भिंत फोडून वायरीचा तेवढा तुकडा बदलत होता, तेव्हा आत्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"तो शिक्का मी खरवडलाय," ती म्हणाली.

"तू? कशाला?"

"आमच्याकडे नियम होता. समोरचा ट्रे पुरा केल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. त्या दिवशी ट्रेमध्ये सदतीस पीस राहिले होते आणि शिपाई सांगत आला, वहिनीला दवाखान्यात नेलंय, अवघड आहे म्हणे. तुझा बाप पायरीवर बसून रडत होता, दुसरं माणूस नाही. मी सदतीसच्या सदतीस पिसांवर शिक्के मारले आणि पळाले. एकही तपासला नाही."

बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरात दवाखान्यात काय अवघड झालं होतं हे मला कुणी सांगायला नको होतं. अवघड मीच होतो.

"दुसऱ्या दिवशी पॅकिंगला धावले. डझनाचा एक असे तीन खोके गेले होते, एक पीस टेबलावर उरला होता. तो मागून घेतला. साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुझा पीस आजवर परत आलेला नाही, जा, कामाला लाग. त्यांचा विषय संपला. माझा नाही संपला."

"म्हणून तो हॉलला लावलास?"

"न तपासता मारलेला शिक्का खरवडला आणि लावला. त्यातला खराब निघायचाच असेल, तर आधी माझ्या घरात निघू दे. पहिल्या तारखेला बघते, हलतोय ना. पण नुसतं हलणं म्हणजे तपासणी नव्हे रे. खरी तपासणी आज झाली. खरा शॉर्ट आला आणि तो पडला."

"आणि बाकीचे छत्तीस?"

"कुणाकुणाच्या घरात आहेत, कुणाला ठाऊक."

नऊ वर्षं मी या बाईच्या दोन सेकंदांवरून आरडाओरडा केला, याची मला लाज वाटली. फार वाटली.

लगेच गेल्यावर तिने माझ्याकडून मार्कर मागून घेतला, स्टुलावर चढली आणि ब्रेकरच्या तोंडावर, दिसेल असं लिहिलं: १७. मग खटका पूर्ण खाली दाबून वर केला. पंखा फिरायला लागला.

चार दिवसांनी पहिली तारीख आली. सात वाजले, कबड्डीची मॅच ऐन रंगात होती, शेवटचं मिनिट, बरोबरीत. आत्याने स्टूल सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं, ओरडतोय का म्हणून. मी उठलो आणि स्टूल धरून उभा राहिलो. खटका खाली गेला. ती दोनपर्यंत मोजत होती, तेव्हा मीही मनात मोजलं. खटका वर आला आणि राहिला. टीव्ही परत सुरू व्हायला दीड मिनिट घेतो आणि तोवर मी स्टूल सोडलं नव्हतं. कोण जिंकलं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं.