साहेबांसाठी गार पडलेला झरा

भुताखेतांच्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही. जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं, अंगात आलेल्या बायांना पाणी मारून उठवलं! पण हे मी स्वतः अनुभवलंय...

तेव्हा निजामाचं राज्य होतं, सिद्धेश्वरचं धरण झालं नव्हतं. औंढ्याच्या डोंगराकडं गंधकाच्या ऊन पाण्याचा झरा होता. त्याच्या कडेला आमचं दगडी हॉटेल. वडील गेल्यावर माझी आई एकटीनं चालवायची. त्या काळात, बाई असून! पार हैदराबादहून लोक दुखरे सांधे घेऊन यायचे. आईचा नियम एकच — रोज झऱ्याच्या कुंडात पहिलं उतरायचं ते सगळ्यात जास्त दुखणं असलेल्या माणसानं. जात, हुद्दा काही चालायचं नाही.

त्या सकाळी तांड्यावरच्या सोनाबाईची बारी होती. गुडघे आखडलेले, लेकांनी उचलून आणलेली. तेवढ्यात आदल्या दिवशी हॉटेलात उतरलेले एक सरकारी साहेब आपल्या शिपायासह आले.

“पहले हम!”

“न्हाई साहेब,” आई म्हणाली, “आज सोनाबाईची बारी हाय.”

“तो कल हॉटेल को ताला!”

हॉटेल गेलं तर आम्ही मायलेकी उघड्यावरच. आई हटली नाही, पण तिला बाजूला सारून साहेब कुंडात उतरले — आणि ओरडतच बाहेर आले! मी हात घातला. नेहमी चटका देणारं पाणी... गारढोण!

“क्या डाला इसमें?”

“येवढं कुंड गार कराया बर्फ कुठून आणू साहेब? औंढ्यात मिळतो व्हय?”

लेकांनी सोनाबाईला पाण्यात सोडलं. “आगं माय, ऊन हाय की!” ती म्हणाली. वाफा निघायला लागल्या. साहेबांनी बोट बुडवलं आणि चटका बसून झटकन मागं घेतलं.

मग ते पायरीवरच बसले. हळूच पायजमा वर केला. गुडघा टम्म सुजलेला! शरमेपायी कुणाला सांगितलंच नव्हतं.

“काहून लपवलं?” आई म्हणाली. “दुखतंय म्हनायचं की. बसा आता, सोनाबाईच्या मागून तुमी.”

साहेब बसले. शिपायादेखत, गुपचूप! त्यांची बारी आली तेव्हा पाणी ऊनच होतं. कुलूप काही लागलं नाही.

पाणी का गार पडलं? आईला विचारलं तर, “मला काय माईत?” माझ्या शास्त्रातही ते आजवर बसलेलं नाही. पण एक सांगते... पाणी गार पडायच्या आधीच माझी आई ‘न्हाई’ म्हणाली होती.