महूचा रस्ता, न थांबता

संगीतावहिनींचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. ‘भाऊजी, हे गेले,’ एवढंच त्या म्हणाल्या. विलासला जाऊन आता काही आठवडे झालेत, तेव्हा कुठे हे लिहायला बसलोय.

साताऱ्याहून नोकरीसाठी इंदूरला आलो, तेव्हा या शहरातला माझा पहिला मित्र विलास. त्याचे आजोबा फौजेतले, इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीतच स्थायिक झालेले. विलास तिथेच वाढला. ‘टेन्शन मत लो भिया, खोली मी दिलवतो,’ असं पहिल्याच दिवशी म्हणाला आणि सुदामा नगरात आपल्या घराशेजारी मला जागा मिळवून दिली. आम्ही कामावर त्याच्याच मोटारसायकलवरून जायचो. येताना तो मुद्दाम लांबच्या वाटेनं आणायचा. त्याला रस्त्यावर असणंच आवडायचं.

एके दिवशी गच्चीवरची टाकी बघायला चढला आणि शिडीवरून पडला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटं सोडली तर मानेखाली काहीच हलेना. त्यानंतरची सगळी वर्षं एक खोली, एक खाट, पायाकडच्या भिंतीवर टीव्ही. खिडकीतून फक्त शेजारच्या घराची भिंत दिसायची. ‘ही भिंत मला पाठ झालीय,’ असं एकदा म्हणाला होता.

घरापासून महूपर्यंतचा रस्ता त्याला सलग पाहायचा होता. मी गाडीत काचेमागे कॅमेरा लावून तो टिपून आणला. शेजारच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरचा त्यानं मीडिया सर्व्हर करून घेतला होता, म्हणजे त्यातलं सगळं वायफायवरून टीव्हीवर दिसायचं. व्हिडिओ त्यात ठेवला आणि टीव्हीवर लावला. राजेंद्र नगर मागे पडलं आणि चित्र थांबलं. पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरत राहिलं. जरा पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. विलासच्या कपाळावर घाम आला होता आणि तो त्याला पुसता येत नव्हता.

‘बंद कर,’ तो म्हणाला. ‘गाडी रुकली की उतरावंसं वाटतं यार...’

फाइल फार जड होती, वायफायवरून टीव्हीपर्यंत धडपणे पोचत नव्हती. मग तो ती हलकी करायच्या मागेच लागला. कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीवर घेऊन, खाटेवरूनच दोन बोटांनी माउस सरकवत रिझोल्युशन कमी करायचा, बिटरेट उतरवायचा, नवी फाइल तयार होईतो छताकडे बघत पडून राहायचा. फाइल फार दाबली की झाडांचे हिरवे चौकोन व्हायचे, माणसं पुसट व्हायची. ‘असं चालेल तुला?’ मी विचारलं. ‘चेहरे नको मला. रस्ता रुकला नाही पाहिजे, बस.’ शेवटी एका दुपारी सुदामा नगर ते महू एकदाही न अडखळता झालं. त्याच्या शाळेचं फाटक आलं, व्हिडिओ संपला. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं. ‘पुन्हा लाव,’ तो म्हणाला.

गेल्या हिवाळ्यात मी हट्टानं त्याला खरोखरच गाडीत घालून नेलं. वाटेतल्या राऊ गावाजवळ रस्त्याचं काम चालू होतं, त्यात अडकलो. पुढे ट्रक, मागे बस. माझा जीव वरखाली, वहिनी त्याची मान धरून बसलेल्या. तो मात्र हसत होता. ‘घाई मत करो भिया. आज तर सगळेच अडकलेत.’ पडल्यापासून त्याला इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं. पण मग त्याला श्वास लागला, तिथूनच परत फिरलो. पुढे छातीत कफ साठतच गेला आणि त्याला पुन्हा बाहेर काढायची हिंमत कुणालाच झाली नाही.

परवा वहिनींना भेटायला गेलो. त्या त्याच खोलीत बसल्या होत्या. टीव्हीवर तो रस्ता चालू होता.

‘हे होते तेव्हा मी भाजीला गेले तरी धावत परत यायचे,’ त्या म्हणाल्या. ‘आता जाता येतं, भाऊजी. चप्पल घालते, फाटकापर्यंत जाते... आणि परत इथेच येऊन बसते.’

‘चला, गाडी आणलीय,’ मी म्हणालो.

‘आज नको.’

मी रिकाम्या खाटेच्या कडेला टेकलो. पडद्यावरची गाडी मीच चालवत होतो, आणि ती कुठेच थांबत नव्हती.