नऊ देवळं आणि एक मडकं

हेमलताबाईंनी नवग्रहांच्या यात्रेची वही केली, ती थेट कचेरीतल्या रजिस्टरसारखी. अकोल्याला जिल्हा परिषदेत सत्तावीस वर्षं आवक-जावक सांभाळलेली बाई. तिला सरळ कागदावर काही लिहिता येतच नसे. आधी पट्टी घेऊन रकाने आखायचे. अनुक्रमांक, ग्रह, गाव, वार, देऊळ उघडायची वेळ, आणि शेवटचा रकाना, ‘काम कशासाठी’. निवृत्तीनंतर लेकीसाठी नवरा-बायको महाळुंग्याला बाराव्या मजल्यावर राहायला आले होते. बाल्कनीतून समोर क्रेन आणि अर्धवट इमारतींखेरीज काही दिसत नव्हतं. त्या बाल्कनीत बसून बाई तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या आजूबाजूचे रस्ते पाठ करत होत्या.

ही हौस होती असं समजू नका. बाईंना कसली आलीय हौस. किमयाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीचं, अमोल नावाच्या मुलाशी जुळत आलं होतं. दोघंही कंपनीत नोकरीला, दोघांच्या चार-पाच भेटी झालेल्या, दोघं राजी. आणि मग मुलाच्या आईनं, साधनाताईंनी, किमयाची पत्रिका मागितली. दोन दिवसांनी फोन आला. मुलीच्या सातव्यात मंगळ आहे. आमचं काही म्हणणं नाही हो, पण घरातल्या मोठ्यांचं मन राखायला हवं. तेव्हा लग्नाआधी एक तर कुंभविवाह, म्हणजे मुलीचं मडक्याशी लग्न, करून घ्या, नाही तर तमिळनाडूकडची नऊही ग्रहांची देवळं मुलीला घेऊन करून या. मुलाची पत्रिका? ती कशाला, ती आमच्या गुरुजींनी पाहिलीय.

वा रे वा. यांनी मागायचं, यांनीच तपासायचं, आणि दाखवायची वेळ आली की गुरुजींनी पाहिलीय.

कुंभविवाह हा शब्द ऐकताच हेमलताबाई म्हणाल्या, “यात्रा करू. नऊच्या नऊ.” श्वास घ्यायलाही थांबल्या नाहीत. त्यांचे यजमान विश्रामराव पेपरमागून नुसते बघत राहिले. किमयाला तर सुट्टी काढून हिंडायला मिळेल याचंच बरं वाटलं. बाईंनी एवढी घाई का केली, हे त्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होतं, आणि तो गृहस्थ पेपर वाचत होता.

यात्रेची आखणी गौतमीनं करून द्यायची ठरली. गौतमी पौडची. सोसायटीच्या फाटकाबाहेर तिचं टूरचं ऑफिस. रोज पौडहून स्कूटीवर येते, चैत्यभूमीपासून काशीपर्यंत सगळ्यांना नेऊन आणते, आणि शिकली-सवरली असली तरी आपली बोली तिनं सोडलेली नाही. “काकू, आमच्या घरात पत्रिका कशाशी खातात ते म्हाईत न्हाई,” तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “पर देवळं बारा-एकला बंद होत्यात ती चार वाजता उघडत्यात, हे मला पक्कं म्हाईत हाय. ते चुकलं तर निम्मी यात्रा बाहेर चपलांपाशी होती.”

दोघींचं चांगलं जमलं. किमयाच्या सासूबाई होऊ घातलेल्या साधनाताईंचा हट्ट होता की ज्या ग्रहाचा जो वार, त्याच वारी त्याचं दर्शन. सूर्याला रविवार, चंद्राला सोमवार, मंगळाला मंगळवार. गौतमीनं नकाशा पुढं ओढला. गावं काही वारानं वसलेली नाहीत. असं केलं तर रोज त्याच रस्त्यानं उलटसुलट धावत राहायचं. आणि राहू-केतूंना वारच नाही, त्यांना काय वाऱ्यावर सोडायचं? शेवटी बाईंनीच तोड काढली. मंगळवारी मंगळाचं वैदीश्वरन कोविल, शनिवारी शनीचं तिरुनल्लार, एवढे दोन वार पाळायचे. बाकीचे वाटेत येतील तसे. राहूसाठी तिरुनागेश्वरमला राहुकाळात पोचायचं. रेल्वेची तिकिटं निघाली. वही भरत आली. कधी नव्हे ते बाईंना शांत झोप लागायला लागली होती.

आणि मग नावांची यादी करायची वेळ आली.

प्रत्येक देवळात संकल्प कुणाच्या नावानं सोडायचा, त्याचं नाव, गोत्र, नक्षत्र आधी कळवायचं होतं. साधनाताईंनी गौतमीला मेसेज केला: वैदीश्वरन कोविलला आमच्या अमोलच्याही नावानं एक अभिषेक घाला. गौतमी यादी घेऊन वर आली आणि चहा घेता घेता सहज म्हणाली, “काकू, एक कळंना. ह्यांचा मुलगा बाकी आठ ठिकाणी न्हाई. फकस्त मंगळाच्या हितं हाय. ह्यांचं एकट्या मंगळाशीच काय काम हाय?”

बाईंच्या हातातली बशी तशीच राहिली. पत्रिका न मानणाऱ्या पोरीला जे दिसलं, ते आपल्याला दिसू नये? अमोलला मंगळ होता. दोघांनाही मंगळ असला की दोष कटतो, हे गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हणजे यात्रेची गरज नव्हती. मडक्याची तर नव्हतीच. गरज होती ती मुलीकडच्यांनी मान खाली घालून राहण्याची.

विश्रामरावांना सांगितलं, तर ते पेपर खाली ठेवून चक्क हसले. “मग चांगलंच झालं की. मंगळाला मंगळ. अडचणच मिटली.”

“चांगलं झालं?” हेमलताबाई म्हणाल्या. चिडल्या की त्यांची वऱ्हाडी वर येई. “काऊन चांगलं झालं? लेकीत खोट काढली, स्वतःची लपवली, अन् वरून आपल्याच हातानं पोराची शांती करून घेऊन राह्यले. अन् तुम्ही हसता?”

त्यांनी तिथंच साधनाताईंना फोन लावला. किमया घरूनच काम करत होती, ती बाहेर आली. फोन स्पीकरवर होता. साधनाताईंनी आधी टाळलं, मग थोडं हसून म्हणाल्या, “अहो, मुलाच्या बाबतीत कोणी एवढं बघतं का? मुलीकडून झालं की झालं.”

बाईंनी फोन ठेवला. आणि तेहेतीस वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते लेकीला सांगितलं. त्यांच्याही पत्रिकेत मंगळ होता. विश्रामरावांच्या आईनं मागितलं म्हणून पूर्णेच्या काठी पहाटे हेमलताचं लग्न एका मडक्याशी लावलं होतं. मडक्याला पिवळं फडकं, तिच्या गळ्यात मंगळसूत्र. भटजी, मामा आणि आत्या, बस्स. मग मामानं मडकं फोडलं आणि आत्यानं तिचं कुंकू पुसलं. अर्धा तास ती विधवा होती. मग आंघोळ घालून हिरव्या बांगड्या भरल्या, आणि कुणाजवळ बोलायचं नाही म्हणून शपथ घातली. “सव्वीस वर्षांची होते मी,” बाई म्हणाल्या. “नोकरी करत होते. अन् नदीवर एका मडक्यासाठी रडले.”

किमयानं आत जाऊन अमोलला फोन केला. एकच विचारलं, तुला माहीत होतं का. तो म्हणाला, हो, पण आईला दुखवायचं नव्हतं. दोन मिनिटांत ती बाहेर आली. “माझ्या आईला दुखवलेलं चालत होतं त्याला,” ती म्हणाली, आणि लग्न तिथंच मोडलं. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी आली. लग्न मोडल्याचं आणि मडक्याचं तिला किमयानं लिफ्टमध्येच सांगितलं होतं. “काकू, तिकिटं रद्द करू ना?”

“काही रद्द करायचं नाही,” हेमलताबाई म्हणाल्या. वही त्यांनी उघडूनच ठेवली होती. अमोलच्या नावावर पट्टी धरून रेघ मारलेली होती. किमयाच्या नावावरही. “मी जाणार आहे. मंगळवार तेवढा पक्का ठेव.”

“मंगळाच्या हितं अभिषेक कुनाच्या नावानं मग?”

“अभिषेक नाही. मला त्याच्या पुढ्यात उभं राहून विचारायचं आहे. माझ्यामुळं नवरा मरणार होता ना? नवरा तर हा बसलाय, धडधाकट. मग ते मडकं काऊन मारलं?”

गौतमीला हसू येणारच होतं, पण आलं नाही. तिनं पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात, ‘काम कशासाठी’च्या खाली, बाईंच्याच कचेरीच्या भाषेत लिहिलं: चौकशी. प्रवासी, एक.

विश्रामरावांनी पेपरची घडी घातली. बराच वेळ ते ती घडी सरळ करत राहिले. मग म्हणाले, “दोन लिही, गौतमी. मागणी आमच्या घरचीच होती. मी येतो. शेजारी उभा राहतो.”

हेमलताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. तेहेतीस वर्षांत हा माणूस या विषयावर एवढंच बोलला होता.

“उभे राहा,” त्या म्हणाल्या. “पण बोलणार मी.”