काळ्या ठिपक्यांचं चित्र

मूल गावात आमच्या शेजारी एक वेल्डिंगवाले चाचा राहतात. त्यांच्या मुलीच्या पायाला लहानपणापासून आधाराचं लोखंडी कॅलिपर आहे. ते घोट्याजवळ सारखं तुटायचं आणि चाचा ते सारखं जोडून द्यायचे. मी चंद्रपूरच्या कॉलेजात इंजिनीअरिंग शिकवतो. चालताना कॅलिपरच्या पट्टीवर कुठे किती ताण येतो, याचं रंगीत चित्र मी कॉम्प्युटरवर काढलं आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्या दुकानात गेलो.

"लाल दिसतं तिथं ताण जास्त आहे," मी म्हणालो.

चाचांनी स्क्रीनजवळ वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मले लाल न् हिरवं एकसारखंच दिसते, बेटा. घरी कोणाले सांगितलं नाई."

मी तिथंच बसून सॉफ्टवेअरमधले ताणाचे सगळे आकडे वेगळ्या फाइलमध्ये काढून घेतले. मग छोटा प्रोग्राम लिहून त्या आकड्यांचं चित्र नुसत्या काळ्या ठिपक्यांत उमटवलं. ताण जास्त तिथं ठिपके दाट.

चाचांनी चित्रात घोट्याजवळ, पट्टीच्या काटकोनी वाकावर बोट ठेवलं. "इथी तर काळंच काळं दिसून राह्यलं. हा कोपरा गोल करून पाहू."

नवं कॅलिपर त्यांनी तसंच घडवलं. मुलगी ते घालून रोज शाळेत शिकवायला जाते, आणि अजून तरी ते तुटलेलं नाही.