त्यांना ऐकू न आलेली शिट्टी

पेपरहेरॉन. मी ज्यांचा सगळ्यात जास्त ऋणी आहे, त्या बाईंचं हे इंटरनेटवरचं नाव. खरं नाव मला माहीत नाही. चेहराही कधी पाहिलेला नाही. वय साठीच्या पुढं आहे आणि एका थंड देशातल्या समुद्राकाठच्या लहान गावात त्या पियानो शिकवतात, एवढंच माहीत आहे. त्या दुपारी त्यांचा ट्रॅक माझ्या हेडफोनमध्ये वाजत होता आणि स्क्रीनवर दोन बटनं होती. एक 'पास', एक 'परत'. माझा हात माऊसवर होता आणि मी कुठलंच बटन दाबत नव्हतो.

माझं काम आधी सांगतो. मी साउंड एडिटर आहे. धाराशिवमध्ये भाड्याच्या खोलीत बसून ऑडिओबुकमधले खोकले काढतो, गेम बनवणाऱ्या लहान कंपन्यांना पावलांचे, दारांचे, पावसाचे आवाज करून देतो. हे पोटाचं काम. त्याशिवाय एका वेबसाइटवर मी रिव्ह्यूअर आहे. तिथं जगभरातले लोक जुन्या व्हिडिओ गेममधल्या चाली घेऊन त्या नव्यानं बांधतात. कुणी अंधाऱ्या गुहेतल्या लेव्हलची चाल सतारीवर आणतं, कुणी शर्यतीच्या गेमची चाल अंगाईसारखी संथ करतं. याला रिमिक्स म्हणतात. आलेला प्रत्येक ट्रॅक तिघं रिव्ह्यूअर ऐकतात. तिघांनाही जमलेला वाटला तर साइटवर लागतो, एकानंही 'परत' दाबलं तर कारणं लिहून परत जातो. त्या कारणांना फीडबॅक म्हणायचं. त्याचे पैसे मिळत नाहीत. पण माझ्या ओळखी सगळ्या तिथल्याच आहेत. धाराशिवमध्ये मी कुणाशी बोलतो ते आठवून पाहिलं, तर दूधवाला, कुरिअरवाला आणि घरमालकीण आक्का, एवढेच निघतात.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. भूमच्या शाळेत आणि पुढं कॉलेजात माझ्या वहीवर 'ठीक' नाहीतर 'सुधारणा आवश्यक' असा शेरा यायचा. काय सुधारायचं, ते कुणी लिहीत नसे. कॉलेजात असताना मित्राच्या लॅपटॉपवर मी पहिला रिमिक्स केला, खाली हलगी घातली आणि साइटवर टाकला. पेपरहेरॉनबाई तेव्हा रिव्ह्यूअर होत्या. त्यांनी मला पानभर लिहिलं. काय चांगलं आहे, नेमकं कुठल्या सेकंदाला. काय बसत नाही, कुठल्या सेकंदाला. काय करून पाहता येईल. 'तुझी हलगी आणि तुझा बास एकाच खुर्चीत बसलेत, एकाला उठायला सांग,' असं वाक्य होतं, म्हणजे हलगी आणि खालचा घुमणारा आवाज एकमेकांवर चढत होते. शेवटी आणखी एक ओळ होती. 'तुझ्या खोलीत काहीतरी टिकटिकतं आहे. तुला सवय झाली असेल, म्हणून ऐकू येत नाही.' मी मान वर केली. पंखा होता.

ते पान मी किती वेळा वाचलं असेल! माझ्या कामाकडे कुणी इतकं निरखून कधी पाहिलंच नव्हतं. पुढं पहिलं पैशाचं काम त्यांच्याच शिफारशीनं मिळालं. रिव्ह्यूअर झालो तेव्हा पहिला नियमही त्यांनीच शिकवला. ट्रॅकवर बोल, माणसावर बोलू नको.

मग त्या साइटवर यायच्या कमी झाल्या, नंतर येईनाशाच झाल्या. बऱ्याच काळानं त्यांचा हा ट्रॅक आला होता.

चाल सुंदर बांधली होती. पण ट्रेबल फार वर होता. ट्रेबल म्हणजे आवाजाचा बारीक, वरचा भाग. झांजेची किणकिण, गाणाऱ्याचा 'स', तारेवर नख घासल्याचा आवाज. तो इतका चढला होता की कानात दाभण टोचावा. तेही एक वेळ आवड म्हणून चाललं असतं. पण मागं एक शिट्टी होती. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत, केसासारखी बारीक, सरळ. चार्जरची किंवा जुन्या मॉनिटरची शिट्टी अशी वाजते. आवाजाचा ग्राफ दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं. त्यात ती खिळ्यासारखी उभी दिसत होती.

माझा पंखा सात समुद्रांपलीकडून ऐकणाऱ्या बाईंनी ही शिट्टी ठेवली कशी?

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आल्या. आक्कांची साठी उलटली आहे. माझ्या कामावर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. आवाज घुमू नये म्हणून मी भिंतींना वाकळा टांगल्या आहेत, त्यावरून त्या रोज बोलतात.

"आरं, वाकळा अंगावर घ्यायच्या का भितीला घालायच्या? ढेकणं व्हतील."

"आक्का, हे ऐका जरा." मी हेडफोन त्यांच्या कानावर ठेवला.

त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या. "ग्वाड हाय की. देवळात बसल्यावानी वाटतंय."

"आणि मागं शिट्टी वाजते ती?"

"कसली शिट्टी?"

"बारीक. एकसारखी वाजते बघा."

"काय बी न्हाय वाजत. तुझंच कान वाजाय लागलंत, दिसभर ही टोपडी घालून बसतुस म्हनून." त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "च्या पी, निवंल."

चहा निवला. वय वाढलं की कानाचा वरचा भाग आधी जातो, हे मी शिकलो होतो. बोलणं नीट ऐकू येतं, फोन ऐकू येतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. जे ऐकू येत नाही ते ट्रॅकमध्ये कमी आहे असं वाटतं आणि माणूस ट्रेबल चढवत जातो. आक्कांना जी शिट्टी ऐकू आली नाही, ती बाईंनाही आली नव्हती.

संध्याकाळी आम्हा रिव्ह्यूअरांच्या पॅनलची ऑनलाइन मीटिंग होती. पॅनलचा प्रमुख मार्टिन. तोही बाईंच्याच हाताखाली तयार झालेला. मी त्याला शिट्टी आणि ट्रेबल दोन्ही सांगितलं. कानाचं सांगितलं.

तो म्हणाला, "नितीन, आपण असं करू. शेवटच्या फिनिशिंगमध्ये मी शिट्टी काढतो, ट्रेबल खाली आणतो आणि ट्रॅक लावतो. एवढं तिचं देणं आपण लागतो."

"त्यांना न सांगता?"

"काय सांगणार? तुमचे कान गेले? पहिला नियम काय आहे? आणि तिच्याच तोंडचा नियम आहे तो."

"पण लागलेला ट्रॅक त्या ऐकतील ना."

"ऐकू दे. तिला कळणारही नाही."

तो हे मायेनंच बोलला. मलाही सुटल्यासारखं झालं. पण शेवटचं वाक्य मनातून जाईना. मी दोन-चार दिवस मागून घेतले आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं येरमाळ्याला गेलो.

येरमाळ्यात बशीरमामा राहतात. त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्नं, सभा, यात्रा, सगळीकडे त्यांचा साउंड. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी त्यांच्याकडे वायरी गुंडाळल्या आहेत. हा बास, हा ट्रेबल, असं बटनावर बोट ठेवून पहिल्यांदा त्यांनीच दाखवलं. कॉलेजनंतर मी साउंडचं शिकायला पुण्याला गेलो आणि नंतर त्यांचा साउंड कर्कश होत गेल्याचं कानावर आलं. पुढं दुकान बंद झालं. आता ते मंडप आणि भांडी भाड्यानं देतात.

मामा पातेल्यांच्या उतरंडीजवळ बसले होते. कानात मशीन होतं.

"ये नित्या! मोठ्यानं वरडू नको, आता ऐकू येतंय मला," ते स्वतःच ओरडून म्हणाले.

मी सगळं सांगितलं. रिमिक्स म्हणजे काय ते त्यांना नीटसं कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं.

"बाई कुठली?"

"लई लांबची, मामा. कधी भेटलो नाही."

"मग तुला का एवढी काळजी?"

माझ्या उत्तरासाठी ते थांबले नाहीत. पातेल्यावर हात फिरवत म्हणाले, "यात्रंची आर्डर गेली तवा मला वाटलं, कमिटीत राजकारन झालं. चार जनांशी भांडलो. मग लग्नं गेली. मग लेकीनं जबरदस्तीनं सोलापूरला न्हेलं, ह्ये मशीन बसवलं. घरी येऊन माझा साउंड चालू केला आन् दोन्ही हात कानावर ठिवलं. नित्या, माझंच दुकान मला ऐकवंना."

"तोवर कुणीच बोललं नाही?"

"कोन बोलंल? मालक मी. दुकानातली माझी पोरं माझ्या माघारी बटन खाली करायची. चांगल्यासाठीच. मी परत आलो की मला कमी वाटायचं, आनखी चढवायचो आन् खुशीत म्हनायचो, बघा कसा झकास लावलाय! साऱ्या गावाला कळलं हुतं, मला सोडून."

"सांगितलं असतं तर चिडला असता की, मामा."

"चिडलो असतो म्हंजे? एखाद्याच्या कानफटात बी दिली असती." ते हसले. मग हसणं थांबलं. "पर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो असतो का न्हाय?"

परतीच्या एसटीत मी पत्र लिहायला घेतलं. आधी मराठीत लिहिलं. इंग्रजीत मला फीडबॅक देता येतो, पण मोठ्या माणसाशी असं काही बोलायचं तर मराठीच लागते. घरी आल्यावर त्याचं इंग्रजी केलं आणि 'परत' बटन दाबलं.

मार्टिनला आधी कळवलं होतं. त्यानं लिहिलं, 'ती पुन्हा आली नाही, तर ते तुझ्यामुळे.' त्यानंतर कामापुरतंच बोलायला लागला. पॅनलवरच्या इतरांनाही कळलं असावं, कारण माझ्या मेसेजना उत्तरं उशिरा यायला लागली. कुणी वेडंवाकडं बोललं नाही. सगळी चांगली माणसं आहेत. पण मला दुसरी माणसं नव्हती. मी ऑडिओबुकमधले खोकले काढत बसायचो आणि मधूनमधून साइट उघडून बघायचो. माणूस ऑनलाइन असलं की नावापुढं हिरवा ठिपका दिसतो. पेपरहेरॉन या नावापुढं तो येत नव्हता. आक्का चहा ठेवून जाताना एकदा म्हणाल्या, "कुनी मेलंय का रं तुझ्या त्या मशीनमधी?"

महिना उलटून गेल्यावर उत्तर आलं. त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, तीन भागांत.

'काय चांगलं: ग्राफ जोडलास. मी आधी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, ग्राफवर ठेवला. काय बसत नाही: एका पत्रात तीन वेळा माफी मागितली आहेस. एकदा पुरे. काय करून पाहता येईल: पुढच्या वेळी कानाचं पहिल्या ओळीत लिही. मी तिथपर्यंत पोचेतो चहा गार झाला.'

खाली एवढंच होतं, की दोन्ही कान तपासले, दोन्हीत वरचा भाग बराच गेला आहे, मशीन मिळालं आहे आणि शिट्टी चार्जरची होती.

नंतर ट्रॅक साइटवर लागला. त्यावर दोन नावं आहेत. मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं काम, त्यांच्या एका विद्यार्थिनीनं केलं आहे, त्यांच्या शेजारी बसून. ते काम मला सांगतील, असं माझ्या मनात आलं होतं. नाही सांगितलं, ते बरोबरच आहे. त्या कामाला शेजारी बसणारं माणूस लागतं. मार्टिननं मला अंगठ्याची खूण पाठवली.

पहिला नियम मी अजून पाळतो आणि नवीन येणाऱ्यांना तोच शिकवतो. त्याला फक्त एक पुरवणी जोडली आहे. दुसऱ्याचं बटन फिरवायचं असेल, तर त्याच्या देखत फिरवावं.

त्या पत्राचा मूळ मराठी मसुदा, बाईंना विचारून, इथं देतो. तीनही माफ्या ठेवल्या आहेत.

आदरणीय हेरॉनताई,

आधी माफ करा. तुमचा ट्रॅक परत पाठवतो आहे.

काय चांगलं: चाल तुम्ही डाव्या हाताला दिलीत आणि उजवा हात जवळजवळ रिकामा ठेवलात. मधे दोन्ही हात थांबतात, तिथं मीही श्वास धरून बसलो. हे मला अजून जमत नाही.

काय बसत नाही: ट्रेबल फार वर आहे. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागं एक बारीक शिट्टी आहे. ग्राफ जोडला आहे, त्यात ती डोळ्यांना दिसेल.

काय करून पाहता येईल: इथं मी तुमचा नियम मोडतो आहे, माफ करा. ट्रॅकला हात लावण्याआधी कान तपासून घ्या. माझं चुकलं असेल, तर मी मूर्ख ठरेन आणि मला त्याचा आनंद होईल.

आमच्याकडे बशीरमामा म्हणून आहेत. त्यांचे कान जात होते, ते साऱ्या गावाला कळलं होतं, त्यांना सोडून. त्यांच्या पोरांनी मायेपोटी त्यांच्या माघारी बटन खाली केलं आणि मामांचं दुकान गेलं. आम्हीही तुमची शिट्टी गुपचूप काढून ट्रॅक लावणार होतो, तेही मायेपोटीच. मी नको म्हटलं. राग आला तर तो माझ्यावर काढा, बाकी कुणावर नको.

मी इथं एकटाच राहतो. माझी खोली मी सोडून कुणी ऐकत नाही. पण तुम्ही एकदा ऐकली होती. इतक्या लांबून तुम्हाला माझा पंखा ऐकू आला होता. त्या दिवसापासून रेकॉर्डिंग करताना मी तो बंद करतो. उकडतं, पण करतो.

पुन्हा एकदा माफ करा. काल मी तुमची खोली ऐकली, ताई. तिथं काहीतरी वाजतं आहे.

तुमचा,
नितीन